देवाच्या आधी तोडलेला चार

चैत्र संपत आला की माझा फोन थांबत नाही. नागपूरहून, रायपूरहून, आमच्या गोंदियाच्या बाजारातून, सगळीकडून एकच विचारणा होते. "सेठ, चार निकला क्या?" आधी मी फोन उचलताच भाव फेकत असे. आता ऐकून घेतो, "देखते है" म्हणतो आणि गोदामाच्या दारात येऊन उभा राहतो. बाहेर देवरीचा रस्ता तापलेला असतो. वाऱ्याला मोहफुलांचा शेवटचा, शिळा होत आलेला वास असतो आणि त्याच्या मागून दुसरा एक वास येतो, आंबूस, भिजलेल्या सालींचा. ज्याने तो कधी घेतला नाही त्याला तो कुजल्याचा वाटेल. माझी तर त्या वासाने भूक चाळवते.

चार म्हणजे चारोळीचे फळ. श्रीखंडावर तुम्ही जी चारोळी पेरता ती या जांभळ्या-काळ्या, बोराहून लहान फळाच्या पोटात असते. वरचा गर पातळ, गोड, जिभेला थोडा तुरट. आत कठीण गुठली, तिच्या पोटात चारोळीचा दाणा. फळे रात्रभर भिजवायची, सकाळी गोणपाटावर चोळून साली काढायच्या, गुठली उन्हात वाळवायची, मग जात्यात हलक्या हाताने भरडायची. जोर जास्त झाला तर दाण्याचे पीठ होते. कमी झाला तर गुठली तशीच बाहेर येते. ज्या बाईला हे जमते तिच्या मनगटाला मी मान देतो. फार कमी गोष्टींना देतो.

मी कामठ्याकडचा, पोवारांच्या शेतकरी घरातला. आमचे पूर्वज माळव्यातून आले, असे घरात मोठ्या ऐटीत सांगितले जाई. माझ्या वाट्याला त्या ऐटीतल्या धानाच्या दोन बांध्या आल्या, त्याही भावाशी भांडून. मी त्या त्यालाच देऊन टाकल्या आणि सायकल, तराजू आणि दोन रिकामी पोती घेऊन चिचगडच्या आठवडी बाजाराला लागलो. जंगलातला माल विकत घ्यायचा आणि शहरात विकायचा. वजनात मी कधी मारले नाही. भावात मारले. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. ज्यांना वाटत नाही त्यांनी उन्हात सायकलवर दीड मणाचे पोते बांधून देवरीपर्यंत यावे, मग बोलावे.

भावात मारायची एक रीत होती. सकाळी बाई टोपली घेऊन आली की माल हातात घ्यायचा, नाक मुरडायचे आणि म्हणायचे, "परत ने." ती बिचारी झाडाखाली बसून राही. ऊन डोक्यावरून उतरले की पुन्हा येई. भरली टोपली तीन कोस परत नेण्यापेक्षा अर्ध्या भावाला दिलेली बरी, हे तिला कळायचे आणि मला तिच्या आधी कळायचे. हे मी लपवत नाही. पुढे जे झाले त्याचा सगळा दोष मात्र माझ्या पदरात टाकला गेला, तो मला मान्य नाही. म्हणूनच हे लिहीत आहे.

आमच्या भागात चार बहुतेक हिरवाच तोडतात. कारण साधे आहे. झाड जंगलातले, कोणा एकाचे नाही. आज मी तोडला नाही तर उद्या शेजारी तोडेल, म्हणून मी आजच तोडतो. शेजारी हाच विचार करून कालच गेलेला असतो. हिरव्या फळातली गुठली हलकी असते, दाणा सुकून सुरकुततो आणि महिन्याभरात खवट होतो. त्याला मी कमी भाव देई. लोक कुरकुरत, पण पुढच्या वर्षी पुन्हा हिरवाच आणत. वीस वर्षे मी त्यांच्या घाईवर पोट भरले.

एकच गाव वेगळे होते. चिचगडच्या पुढे, जंगलाच्या आत. नाव लिहीत नाही, लिहिले तर तिथल्या बाया मला सोडणार नाहीत. तिथे गावचा पुजारी, ज्याला गोंडांत भुमक म्हणतात, पहिला चार देवाला चढवी आणि तोवर कोणी झाडाला हात लावत नसे. तो दिवस पंचांगात नव्हता. म्हातारा मंगरू भुमक रोज पहाटे जंगलात जाई, दहा झाडांची दहा फळे चावून थुंकी आणि एक दिवस घरोघरी निरोप पाठवी. दुसऱ्या दिवशी अख्खे गाव एकदम निघे. लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, सगळ्या. त्यांची गुठली वाटीभर पाण्यात टाकली की खड्यासारखी तळाला जाई. त्या मालाला मी मुकाट्याने पुरा भाव दिला आहे.

याच गावात पाच वर्षांपूर्वी अरुंधती मॅडम आल्या. पुण्याच्या. मोठ्या पगाराची नोकरी सोडून आलेल्या. मी आधी हसलो, पण बाई मूर्ख नव्हती. तिने गावातल्या चौदा बायांना घेऊन एक कंपनी काढली. मालकी बायांची. गुठली विकायची नाही, गावातच फोडून चारोळी विकायची, म्हणजे मधला पैसा गावात राहील. दान नाही, धंदा, पण धंद्याचा धनी गरीब. असे काहीसे ती म्हणाली. मग ती माझ्या गोदामात आली.

"सगनाबाई म्हणाल्या, चार तुमच्याइतका कोणाला कळत नाही."

"आणखी काय म्हणाल्या?"

"की तुमच्याइतकं कोणी लुटलंही नाही."

मी हसलो आणि तिच्याकडे खरेदीच्या कामाला पगारावर जायचे कबूल केले. पगार माझ्या गोदामाच्या कमाईपेक्षा कमी होता. तरी गेलो. मुलीच्या सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांनी मला 'दलाल' म्हटले होते. लोकांनी मला दुसरे काहीतरी म्हणावे, असे फार वाटत होते. मला स्वस्तात मिळवायचे असेल तर कुठे बोट ठेवायचे, हे त्या बाईने पहिल्याच भेटीत ओळखले. तेवढ्यासाठी मी तिला मानतो.

सगनाबाई त्या चौदा जणींची पुढारी. पन्नाशीची, काटक, हातांवर गोंदण. दर हिवाळ्यात ती टोळीबरोबर तेलंगणात मिरची तोडायला जाई. घरधनी तिरोड्याकडे मजुरीला. परत आली की तिची बोटे पंधरा दिवस जळत. नातवाचा चेहरा पुसायची तिला चोरी होती, त्याच्या डोळ्यांत तिखट जाई. कंपनीचे गुठली फोडायचे केंद्र सुरू झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तिने मुकादमाला सांगितले, "मी नाई येत." हे तिने मला किमान वीस वेळा सांगितले असेल. दर वेळी ती हात पुढे करून दाखवी. केंद्र चालले तर सगनाबाई गावात, नाही चालले तर मिरचीत. इतके ते सरळ होते. बाकीचे मोठे शब्द मॅडमच्या कागदात होते.

केंद्र म्हणजे टिनाचे छप्पर, सहा जाती, पाण्याची मोठी टाकी आणि देणगीतून आलेले फोडायचे मशीन. भिंतीवर निळ्या रंगाने नियम लिहिले होते. पहिलाच होता : आणलेली टोपली परत पाठवायची नाही. तो नियम माझ्यावर होता, हे मला कळले. तीन वर्षे त्या भिंतीखाली बसून खरेदी केली. खोटे कशाला सांगू, ती वर्षे चांगली गेली. दुपारी जात्यांचा आवाज एका लयीत येई, सुपातून टरफले उडत, कोणीतरी गोंडीत काहीतरी बोलून माझ्याकडे पाही आणि सगळ्या हसत. मी विचारले की सगनाबाई म्हणे, "तुमची तारीफच करून राहिलो जी." वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कोणी आपल्यावर अशा रीतीने हसावे, हे मला आवडत होते.

पण ती तीन वर्षे देणगीवर होती. मग देणगी देणाऱ्यांचे पत्र आले. मॅडमनी ते केंद्राच्या पायरीवर बसून वाचून दाखवले. संस्थेचे काम उत्तम, आता तिने स्वतःच्या पायावर उभे राहावे.

"मंग आतापर्यंत कोणाच्या पायावर होतो जी?" सगनाबाईने विचारले.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "यंदा मजुरी विक्रीतूनच काढायची आहे. पहिल्या महिन्यापासून."

हा भाग माझा होता. मी नागपूर गाठले. ज्या व्यापाऱ्याकडे गेलो तो माझ्याच वयाचा आणि माझ्यासारखाच शून्यातून वर आलेला. तीन तास बसलो. दोनदा मी उठून दारापर्यंत गेलो, दोनदा त्याने हाक मारली. शेवटी तो म्हणाला, "पुराना माल खतम है. वैशाख लगने से पहले दोगे तो ऊपर का भाव. बाद में जो सबका, वो तुम्हारा." मी त्या वरच्या भावावर आणखी थोडे चढवून घेतले. परतताना मी इतका खूश होतो की बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला चहा पाजला.

मॅडमनी तारीख ऐकली. "तेवढ्यात माल मिळेल?"

मी म्हणालो, "मिळेल."

या एका शब्दावर मी गेली दोन वर्षे जगतो आहे. माझा हिशेब साफ होता. गावाच्या दक्षिणेची टेकडी उन्हाची आहे, तिथला चार आधी काळा होतो. तेवढाच तोडला तरी तारखेचा माल निघतो. अडचण एकच. मंगरू भुमकाचा दिवस अजून पंधरवडा तरी लांब दिसत होता.

केंद्रासमोर बैठक बसली. म्हातारा शेवटी आला, काठी आडवी ठेवून बसला.

"मंगरूबुढा," मी म्हणालो, "टेकडीवरचा चार काळा होऊन राहिला. तेवढाच तोडू द्या."

"पूजा झाली नाई."

"देव काय एकेक फळ मोजून राहिला काय?"

"देव कायले मोजते?" म्हातारा म्हणाला. "माणसं मोजतेत. म्हणून तं देव ठेवला."

बाया हसल्या. त्या हसण्याने माझे डोके फिरले. मी म्हणालो, "मंग मजुरीबी देवालेच माग!"

मॅडमनी तेव्हा मला आवरायला हवे होते. त्या जमिनीकडे पाहत राहिल्या. त्यांच्याकडे पत्र होते, चौदा बाया होत्या आणि महिना अखेरीला येऊन ठेपला होता. शेवटी सगनाबाई बोलली. तिच्याइतके गमावण्यासारखे तिथे कोणाचेच नव्हते, म्हणून सगळे तिच्याकडे पाहत होते.

"एका टेकडीपुरतं. बस."

मंगरूने काठी उचलली. "तोडा," तो म्हणाला. "पण मी आता कोणाले थांबवू नाई शकत. हे ध्यानात ठेवा."

त्या दिवशी मला तो म्हाताऱ्याचा रुसवा वाटला. तिसऱ्या दिवशी अर्थ कळला.

केंद्रावर खरेदी सुरू झाली, ही बातमी टेकडीपुरती राहिली नाही. शेजारच्या गावांतून मोटारसायकली आल्या, मागच्या माणसाच्या हातात कुऱ्हाड. चढून फळे वेचायला वेळ कोणाला? फांदीच खाली आणायची आणि खाली बसून ओरबाडायची. ते पाहून गावातलेही धावले. का धावणार नाहीत? आजवर सगळे थांबत म्हणून प्रत्येक जण थांबत होता. एका टेकडीवरचा थांबा उठला आणि कुठेच थांबायला कारण उरले नाही. मी तर हे वीस वर्षे, पन्नास गावांत पाहिले होते. मला हे कळायला हवे होते, असे कोणी म्हटले तर मी ते कबूल करीन. पण असे म्हणायला कोणी आलेच नाही. जे आले ते भलतेच बोलले.

अजून दुपारी डोळा लागला की मला तो आवाज येतो. दूर जंगलात फांदी मोडल्याचा. एक, मग बराच वेळ काही नाही, मग दोन लागोपाठ. उन्हात तो आवाज फार स्वच्छ येतो.

केंद्रासमोर टोपल्यांची रांग लागली. हिरवा, दगडासारखा चार, देठांतून चीक गळतो आहे. मी बादलीभर पाण्यात सोललेली एक ओंजळ गुठली टाकली. पोहे तरंगावेत तशी ती वर आली.

"हे घ्यायचे नाही," मी म्हणालो. "सगळ्यांना परत पाठवा. आज पाठवले तर उद्या तोडणे थांबेल."

मॅडम पुढे आल्या. उन्हाने चेहरा लाल झालेला. "दोन कोस चालून आलेल्या बाईला परत पाठवायचं? मग तुमच्या जुन्या दुकानात आणि इथे फरक काय राहिला?"

"फरक असा की माझे दुकान वीस वर्षे चालले!"

"तारीख कोणी कबूल केली, सेठ?"

रांगेतल्या बाया ऐकत होत्या. मी बादलीला लाथ मारली. ती कलंडली, पाणी मातीत गेले आणि गुठली अंगणभर पसरली. सगनाबाई खाली बसली आणि एकेक गुठली उचलून पदरात टाकू लागली. मग दुसरी बाई बसली. मी तसाच उभा होतो. त्या दिवशी सगळ्या टोपल्या घेतल्या गेल्या, आणि पुढचे सहा दिवसही. भिंतीवरचा नियम पाळला गेला. केंद्राजवळ होते नव्हते तेवढे पैसे त्यात गेले.

नागपूरच्या व्यापाऱ्याने पोत्यात हात घातला, एक दाणा दाताखाली धरला आणि थुंकला. हुबेहूब जसा मी थुंकत असे तसा. माझ्याकडे बघून म्हणाला, "सेठ, ये आप लाये हो?" भाव पाडायला बोलला असता तर मी भांडलो असतो. त्याला खरेच आश्चर्य वाटले होते. मी पोती परत गाडीत भरायला लावली.

पावसाळ्याआधी केंद्र बंद झाले. वर्षभराने मॅडमनी लिहिलेला अहवाल कोणीतरी मला मोबाईलवर पाठवला. त्यात लिहिले होते की, स्थानिक व्यापारी वृत्तीमुळे संस्था आपल्या मूळ उद्देशापासून दूर गेली. माझे नाव नव्हते. पण तिथे स्थानिक व्यापारी दुसरा कोण होता? मॅडम आता सभांमधून या अनुभवावर बोलतात, असे ऐकतो. लोक टाळ्याही वाजवत असतील. मला राग आहे तो याचा. तारीख माझी होती, मान्य. पण पंधरवडा थांबलो असतो तर एका महिन्याची मजुरी अडली असती, ती अडू द्यायला तयार कोण होते? सात दिवस टोपल्या परत पाठवल्या असत्या तर जंगल वाचले असते, तो नियम मोडायला तयार कोण होते? पत्र लिहिणाऱ्याने आणखी एक उन्हाळा धीर धरला असता तर? पैसा आणि कळकळ यांचा तोल साधावा, असे हे लोक म्हणतात. मी जन्मभर तराजू हातात धरला आहे. तराजूत जे टाकाल तेवढ्याचेच वजन होते. आम्ही एका पारड्यात मजुरी टाकली, दुसऱ्यात भाव. चाराचे झाड दोन्हीपैकी कुठेच नव्हते, कारण त्याची काळजी म्हातारा फुकटात घेत होता. फुकटाचे मोल मला, एवढी घासाघीस करणाऱ्याला, कधी दिसलेच नाही. आणि त्या शिकलेल्या बाईलाही नाही. हे तिच्या अहवालात हवे होते. दोघांच्या नावाने.

मी पुन्हा गोदाम उघडले. पुन्हा दलाल. मागल्या वर्षी एकदा त्या गावाकडून गेलो. मशीनवर निळे प्लास्टिक होते. टेकडीवर तोडलेल्या फांद्यांच्या खुंटांना कोवळी, तांबूस पालवी फुटली होती. दुरून पाहणाऱ्याला जंगल छान सावरले आहे असे वाटावे. पण त्या पालवीला फळ धरायला किती वर्षे लागतील, हे मंगरूही सांगेना.

परवा दुपारी तेलंगणातून येणारी गाडी देवरीला थांबली. मिरचीची टोळी परतली होती. बाया गाठोडी घेऊन झाडाखाली बसल्या आणि त्यांतली एक सरळ माझ्या गोदामाकडे आली. सगनाबाई. दोन वर्षांत पार वाळली होती. हात पदरात गुंडाळलेले.

"चार हाय काय जी? पिकेल पायजे."

"तुला कायले?"

"मंगरूबुढ्यानं फोन लावाले सांगितला पोट्ट्याले. यंदा पूजा करतो म्हणे. झाडाले फळ नाई, तं येता येता बाजारातून आण."

मी सकाळीच आलेली टोपली पुढे ओढली. "घेऊन जा. पैसे नको."

"काऊन नको?" तिचा आवाज चढला. "फुकटचं तीन वर्षं खाल्लं ना. भाव सांगा."

मी भाव सांगितला. तिने निम्मा मागितला. मी थोडा उतरलो, ती थोडी चढली. आम्ही दोघेही नीट भांडलो, जसे भांडायचे असते तसे. मग ती उकिडवी बसली आणि निवडू लागली. एकेक फळ उचलायचे, दाबायचे, उजेडात धरायचे. बोटांची टोके लाल, सोललेली होती, तरी ती दाबत होती. हिरवे फळ ती टोपलीबाहेर माझ्या बाजूला टाकी. तळ दिसू लागला तेव्हा तिच्या पदरात एक मूठ काळी फळे होती.

"दुसरी टोपली हाय काय?"

"आहे."

"तीबी अशीच?"

मी हो म्हणालो. तिने मुठीएवढ्या चाराला पदराची गाठ मारली, ठरलेले पैसे माझ्या हातावर ठेवले आणि गाठोडे उचलून चिचगडच्या गाडीकडे निघाली.